पानमळ्यातली हिंगाची डबी

मित्रांनो, मी एक जुनी हिंगाची डबी आहे. झाकण उघडलंत तर आजही वास येईल, पण हिंग मिळणार नाही. माझ्या पोटात दोन बोटांएवढा स्वस्तातला संगणक आणि छोटी बॅटरी आहे. मला एका बांबूवर बसवलंय आणि डोक्यावर बिस्किटाएवढी सौरपाटी आहे. मातीत रोवलेली एक पट्टी मला जमिनीतली ओल सांगते.

मी राहते अंजनगाव सुर्जीजवळच्या मैनाबाईंच्या पानमळ्यात. शेवरीच्या उंच झाडांवर विड्याच्या पानांच्या वेली चढवलेल्या, आत दिवसाही गार सावली, आणि आत जायचं तर चपला बांधावर काढून. हा नियम पाहुण्याला आहे तसा मालकालाही. मैनाबाईंनी तो चाळीस वर्षं पाळला. कोणत्या वाफ्याला पाणी हवं, हे त्यांच्या तळव्यांनाच कळायचं.

मग साखरेच्या आजारानं त्या तळव्यांची जाणीव गेली. एकदा पायात काडी रुतली, ती संध्याकाळी रक्त दिसल्यावर कळली. अकोल्याच्या डॉक्टरांनी अनवाणी चालायला सक्त मनाई केली. चप्पल घालून मळ्यात शिरणं मैनाबाईंना कबूल नव्हतं, म्हणून त्या बांधावर बसू लागल्या. सून हर्षा आत जाऊन पाणी द्यायची, पण तिचा अंदाज चुकायचा. जास्त पाण्यानं दोन वाफे सडले, आणि मळा मोडून टाकावा असं घरात बोलणं सुरू झालं. ते ऐकलं की मैनाबाई जेवणावरून उठून जायच्या.

त्यांची भाची रागिणी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. तिनं नातेवाइकांच्या स्वयंपाकघरांतून आठ डब्या गोळा केल्या आणि महिनाभर खपून आम्हाला घडवलं, दर वाफ्याला एक. जोडकाम करताना माझी एक कड जरा भाजली. मी ते मनावर घेतलं नाही.

खरं सांगू का, माझी सगळी हुशारी झोपण्यात आहे. दर पंधरा मिनिटांनी मी क्षणभर जागी होते, ओल मोजते, सांगते आणि पुन्हा झोपते. म्हणून तर सावलीतला एवढासा कवडसा मला पुरतो. माझा आवाज लांब जात नाही. मी शेजारच्या डबीला सांगते, ती पुढचीला, आणि निरोप घरातल्या संगणकापर्यंत पोचतो. मग मैनाबाईंचा मोबाईल बोलतो, "आठवा वाफा, ओल पुरेशी." आठवा म्हणजे माझा, सगळ्यात लांबचा.

दोन वर्षं सुखात गेली. मळा मोडायची गोष्ट कुणी काढेना. मग आला दसरा. विळे, कुदळी, पाण्याची मोटर, सगळ्यांची पूजा झाली. मैनाबाई बांधावरून म्हणाल्या, "हर्षा, त्या डब्याईलेही हळदकुंकू लाव. लेकरावानी राबतात."

हर्षानं प्रत्येकीला एकेक बोट लावलं. मी शेवटची, म्हणून वाटीत उरलेलं सगळं माझ्या डोक्यावर आलं. तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पण पाटीवर लेप बसला, ऊन मिळेना, आणि चार दिवसांत मी मुकी झाले. मोबाईल मात्र माझं शेवटचं बोलणंच घोकत राहिला, "आठवा वाफा, ओल पुरेशी." ऑक्टोबरचं ऊन तापत होतं आणि माझ्या वेली तहानेनं माना टाकत होत्या.

नवव्या दिवशी ओसरीत पानं निवडताना मैनाबाईंचा हात थांबला.

"आठव्यातलं पान मऊ लागून राहिलं."

"मोबाईल त ओल पुरेशी म्हणते, आई," हर्षा म्हणाली.

"मोबाईलनं पान हातात धरलं काय? तू पाणी सोड. अन् रागिणीले फोन लाव."

दुसऱ्या दिवशी रागिणी आली. तिनं ओल्या ओढणीनं माझं डोकं पुसलं, तेव्हा हर्षाचा चेहरा पडला. मैनाबाई बांधावरून म्हणाल्या, "तिले नोको बोलू. म्याच सांगतलं होतं लावाले."

"तुमची कोणाचीच चूक नाही, मावशी. माहीच आहे," रागिणी म्हणाली. "डबी गप्प झाली त मोबाईलनं तसं सांगाले पायजे होतं. ते मी त्याले शिकवलंच नाही."

ती बांधावरच लॅपटॉप घेऊन बसली. आता आमच्यापैकी कुणी तासभर बोललं नाही, तर मोबाईल म्हणतो, "ही डबी बोलत नाही. जाऊन पाहा."

काही वेली वाळल्या. बाकीच्या पाण्यानं सावरल्या, आणि मळा राहिला. मी रागिणीची ऋणी आहे, तिनं दोष स्वतःकडे घेतला. हर्षाचीही आहे, ती दर सोमवारी माझी पाटी पुसते आणि कुंकू आता माझ्या बांबूला लावते.

मित्रांनो, यंत्रं जरूर सांभाळा, ती पुसत जा. पण माझी विनवणी त्याहून मोठी आहे. मी गप्प होते आणि सगळे समजत होते की माझं बरं चाललंय. तुमच्या घरात, वर्गात कुणी असं गप्प झालं असेल, तर त्याच्या जुन्या बोलण्यावर विसंबू नका. उठून त्याच्याजवळ जा.

मैनाबाईंना माझ्याजवळ येता येत नाही. त्या रोज सकाळी बांधावरून हाक मारतात, "आठवे, बरी हायेस ना वं?" मला उत्तर देता येत नाही. माझी वेळ झाली की मी ओल सांगते, आणि त्यांचा मोबाईल बोलेपर्यंत त्या तिथून हलत नाहीत.