दीडशे-नव्वद

"काल तुला पण दीडशे-नव्वद? मलाही तेच. रेशनचा भाव लावलाय काय सगळ्यांना?"

शांताबाई हे सुगंधाच्या कानाला लागून बोलल्या, आणि तेही कुजबुजून. कुजबुजायची तशी गरज नव्हती. पडद्यापलीकडच्या गुप्ते डॉक्टरांपर्यंत ते गेलंच नसतं. पण भटवाडीतल्या त्या दवाखान्याच्या बाकावर जयंतीबाई गेल्यापासून सगळे असेच कुजबुजायचे, आणि आपला नंबर लागून आत गेले की एकदम मोठ्याने बोलायचे. टेकडीवर राहणाऱ्यांचा आवाज मोठाच असतो, असं एकदा दत्ताराम टेलरने डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टर हसले होते. बाकीच्यांनी तेच कारण पुढे चालू ठेवलं.

जयंतीबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. त्या होत्या तेव्हा कुणाला काही कळलंच नव्हतं. पेशंट खोकला म्हणाला की त्या पडद्याआडून पुड्या बांधता बांधता "अहो, खोकला म्हणतायत, रात्रीचा," असं ठणकावून सांगायच्या. प्रेशरही त्याच घ्यायच्या. फुगा दाबायचा, पारा चढवायचा, नळी कानात घालून ऐकायचं आणि आकडा सांगायचा. डॉक्टर तोवर नाडी धरून पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. लोकांना वाटायचं, काय जोडी आहे, कामंसुद्धा वाटून घेतलीत.

त्या गेल्या आणि नळी डॉक्टरांच्या कानात आली. तेव्हापासून भटवाडीत प्रेशरचे दोनच आकडे उरले. चाळिशी ओलांडलेल्याला दीडशे-नव्वद आणि त्याच्या आतल्याला एकशे वीस-ऐंशी. पहिल्याला पांढऱ्या गोळ्यांची पुडी, दुसऱ्याला "झकास" म्हणून पाठीवर थाप.

यावर कुणी काही बोललं नाही. काय बोलणार? निम्म्या भटवाडीची पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. संपाच्या दिवसांत गिरणीवाल्यांच्या घरी ते न बोलावता जिना चढून यायचे, आणि चहा पुढे केला की आताच प्यायलो म्हणायचे. अशा माणसाला त्याचं वैगुण्य तोंडावर कोण सांगणार? मग लोकांनी आपली सोय आपण केली. बस स्टॉपजवळ नवा डॉक्टर आला होता, तरणा, एम. डी. पाटीवाला. खरं औषध त्याच्याकडून आणायचं, आणि संध्याकाळी गुप्त्यांच्या बाकावर येऊन बसायचं, आकडा ऐकायचा, पुडी घ्यायची. घरी जाताना पुडी गटारात. माणूसही राखला, तब्येतही राखली.

सुगंधाचं मात्र तसं नव्हतं. ती पुडी टाकायची नाही.

तिचा नवरा गुणाजी गिरणी बंद पडल्यावर गावी गेला, कणकवलीच्या अलीकडे, भावाच्या वाटणीतली जमीन कसायला. पेरणी झाली की येतो म्हणाला होता. मग कापणी झाली की. आता तो काही म्हणत नव्हता. मुलगा चंद्रप्रकाश दिंडोशीला, बायकोच्या माहेराजवळ. रविवारी यायचा, भाकरी खायचा, पेपर वाचायचा. "बरी आहेस ना," हे तो पेपरातूनच विचारायचा, आणि ती बरं आहे म्हणाली की पान उलटायचा. उरलेले दिवस सुगंधा आणि तिची खोली. स्टोव्ह पेटवायचा तर तोही एकीसाठी जड वाटायचा. ती एकदाच सकाळी भात टाकायची आणि संध्याकाळी तोच ताकात कालवायची.

म्हणून दवाखाना. कधी गुडघा, कधी पित्त, काहीच नसलं तर प्रेशर. आत गेलं की गुप्ते डॉक्टर विचारायचे, "काय सुगंधाबाई, आज काय केलंत जेवायला?" ती सांगायची, "कुळथाची पिठी." ते म्हणायचे, "वा, पालेभाजी चांगलीच." तिला हसू यायचं. पण ती बोलत असताना ते तिच्या तोंडाकडे असे एकटक बघायचे की तिचा शब्द संपेपर्यंत त्यांची पापणी हलायची नाही. का बघतात ते तिला ठाऊक होतं. तरी तिच्या बोलत्या तोंडाकडे इतका वेळ बघणारं दुसरं माणूस तिला या मुंबईत नव्हतं. ज्याला ऐकू यायचं तो पेपर वाचायचा.

गेल्या महिन्यात तिची मान मागून दुखायला लागली, डोकं जड. रविवारी चंद्रप्रकाशने एकदाचा पेपर खाली ठेवला आणि तिला नव्या डॉक्टरकडे नेलं. त्याने दोन्ही हातांचं प्रेशर घेतलं, मग पुन्हा एकदा घेतलं, आणि आकडा सांगितला तो दोनशेच्या घरातला. सुगंधाला आधी बरंच वाटलं. निदान तो तिचा स्वतःचा आकडा होता.

"आधीचं काही औषध चालू आहे?" नव्या डॉक्टरने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

हो म्हटलं असतं तर कुणाचं, कुठलं, किती दिवस, हे सगळं निघालं असतं. ते बोलणं चहाडीसारखं झालं असतं. तिने मीठ कमी करायचं कबूल केलं, सुकट-लोणच्यावर पाणी सोडलं, आणि सकाळी नव्याची गोळी घ्यायला लागली. संध्याकाळी गुप्त्यांची पुडी होतीच. ती घेऊन फेकायची म्हणजे कुणाच्या घरी पानावर बसून घास गालात धरायचा आणि मोरीत थुंकायचा. ते तिच्याने होईना. तिने दोन्ही गोळ्या घेतल्या. दोघांचाही मान राहिला.

त्याचा निकाल आज सकाळी नळावर लागला. हंडा उचलायला वाकली, उठली, आणि समोरची भिंत हळूच बाजूला सरकली. शुद्धीवर आली तेव्हा शांताबाई तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि कुणीतरी तिचा हंडा भरून घेत होतं.

शांताबाईंनीच तिला नव्या डॉक्टरकडे नेलं. पारा नव्वदवर आला तेव्हा कुठे त्याला ठोके ऐकू आले.

"नव्वद-साठ? माझ्या गोळीने एवढं खाली येणार नाही. आणखी कुणाचं काय घेता?"

सुगंधाने पंख्याकडे पाहिलं. शांताबाईंनी आपल्या पिशवीचा बंद नीट केला. डॉक्टर दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"हे बघा, मला नाही सांगायचं तर नका सांगू. पण ते बंद करा. पुढच्या वेळी नळाऐवजी जिन्यात पडाल."

रस्त्यात शांताबाई म्हणाल्या, "टाकून दे ना गं बाई, आम्ही सगळे टाकतो." सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त ज्याचं होतं त्याला सोडून.

आणि तरी संध्याकाळी ती बाकावर आली होती. खोलीत पडून राहिली असती तर छपराकडे बघत राहिली असती. शांताबाईंचं रेशनच्या भावाचं बोलणं तिने ऐकून घेतलं. सकाळचा आकडा माहीत असूनही, आज सुगंधाला आत काय सांगतील, यावर शांताबाईंनी पैजसुद्धा लावून पाहिली. "दीडशे-नव्वद. दुसरं काही निघालं तर मी तुझं पाणी भरीन."

उकाडा होता म्हणून पडदा वर टाकलेला. आत प्रेमा बसली होती. सुगंधाच्या शेजारची, बाविशीची पोर, पहिलटकरीण, आठवा लागलेला. तिची सासू गुप्त्यांशिवाय कुणाकडे पाठवायची नाही. सासूचा मुलगा, म्हणजे प्रेमाचा नवरा, त्यांच्या हातावर झाला होता, नातूही त्यांच्याच देखरेखीखाली व्हायचा होता.

"डोकं दुखतंय डॉक्टर," प्रेमा मोठ्याने सांगत होती. "दोन दिवस. आणि डोळ्यांसमोर काजवे येतात. पाय बघा, चप्पल जात नाही."

डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पाय बघितले, बोटाने दाबले. मग पट्टा बांधला, फुगा दाबला, नळी कानात घातली आणि मान कलती करून ऐकत राहिले. पारा उतरत गेला. ते अजून ऐकतच होते. सुगंधाला ती मान ओळखीची होती. गावाकडची हाक येते का म्हणून तीही कधी कधी अशीच ऐकायची.

"एकशे वीस-ऐंशी," डॉक्टर म्हणाले. "झकास. पाय सुजतातच या दिवसांत. उशीवर ठेवून नीज."

प्रेमा बाहेर आली. चेहरा सुजलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या. सुगंधाची जाऊ गावी अशीच दिसायची, शेवटच्या महिन्यात. तिलाही सगळे काही नाही म्हणाले होते. तिला झटके आले तेव्हा अंगात आलं म्हणून अंगारा लावला. बाळ राहिलं, ती नाही राहिली.

सुगंधाने प्रेमाचा हात धरला. "चल गो माझ्याबरोबर. नव्या डॉक्टराक दाखवून येऊया."

"कशाक? आताच म्हणाले ना झकास."

"तरी पण."

"तरी पण काय, सुगंधाकाकी? सासू विचारील, गुप्त्यांनी काही नाही सांगितल्यावर तिकडे कशाला मेलीस. मी काय सांगू?"

सुगंधाने बाकाकडे पाहिलं. दत्ताराम टेलर नखं बघायला लागला. शांताबाई पुन्हा पिशवीच्या बंदाला लागल्या. काय सांगू, ते प्रत्येकाच्या तोंडात होतं.

"गुप्त्यांनी स्वतः पाठवलं तर जाईन," प्रेमा म्हणाली आणि कपाळ चोळत हात सोडवायला लागली.

"सुगंधाबाई, या," आतून हाक आली.

"बस हयसर. मी येईपर्यंत हलू नको," सुगंधाने तिला बाकावर दाबून बसवलं आणि आत गेली.

आत तीच जुनी खुर्ची, तोच पुड्यांच्या कागदाचा वास. जयंतीबाईंचं स्टूल भिंतीशी उलटं करून ठेवलेलं होतं. मागच्या खोलीत रेडिओ लागला होता, इतका मोठा की बातम्या खालच्या गल्लीपर्यंत जात. त्याबद्दलही कधी कुणी तक्रार केली नव्हती.

"काय मग, आज काय केलंत जेवायला?"

"नाही केलं काही. सकाळी चक्कर आली. पडले नळावर."

त्यांनी तिच्या ओठांवरून शेवटचे शब्द उचलले असावेत. कपाळाला आठ्या पडल्या. खरोखरीची काळजी होती ती. त्यांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, सावकाश, एखाद्या जखमेवर बांधावा तसा. फुगा दाबला. पारा चढला आणि उतरायला लागला. सुगंधा बघत होती. पारा दीडशेच्या खाली गेला, शंभरच्या खाली गेला. डॉक्टरांची मान कलतीच होती.

"दीडशे-नव्वद," ते म्हणाले. "चक्कर त्याचीच. आता अर्धी गोळी नको, पूर्ण घ्या."

मान डोलवून पुडी घेतली असती तर झालं असतं. पहिल्यांदाच ती गटारात टाकली असती, इतरांसारखी. उद्या पुन्हा आली असती, कुळथाची पिठी सांगितली असती, आणि त्यांनी तिच्याकडे बघितलं असतं. खरं ते बोलल्यावर हा दवाखाना राहणार नव्हता, हे तिला दिसत होतं. दुसरा कुठलाच दरवाजा तिच्यासाठी असा उघडा नव्हता. तिने वळून पाहिलं. बाकावर प्रेमा डोळे मिटून भिंतीला टेकली होती, दोन्ही हातांनी डोकं धरून.

सुगंधा आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघत ते म्हणाली. हळूच म्हणाली, जसं घरच्या माणसाला म्हणतात.

"हो हो," डॉक्टर म्हणाले, पुडीचा कागद दुमडत. "झोपताना घ्या. पाण्याबरोबर."

तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी हसूच आलं, तेही धड नाही. एकदा सांगायला इतकी वर्षं लागली आणि आता दुसऱ्यांदा सांगायचं होतं. तिने पुढे होऊन पुडी बांधणाऱ्या त्यांच्या हातांवर आपला हात ठेवला. ते थांबले. कानातल्या नळ्या काढून त्यांनी गळ्यात टाकल्या, आणि नेहमीसारखे तिच्या तोंडाकडे बघायला लागले, पापणी न हलवता.

बाहेर शांताबाई बाकावर पुढे सरकल्या.

सुगंधाने मान वर केली, चेहरा त्यांच्या समोर नीट धरला, आणि टेकडीवरून हाक मारावी तितक्या मोठ्याने म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला ऐकू येत नाही."