बारवेच्या उघड्या पायऱ्या

ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव. गावाजवळच्या वॉटर पार्कला लाटांचा तलाव आणि तीन उंच घसरगुंड्या नव्यानं बसवायच्या होत्या, आणि त्यासाठी चार बोअर पाडायचे होते. ग्रामसभेचा होकार हवा होता. मी, बजरंग, विरोधकांचा म्होरक्या. डोकं माझं लवकर तापतं, आवाजही मोठा. पण पुरावा म्हणाल तर शून्य. तो होता धम्मशीलाताईंकडे.

ताई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की त्या शेजारच्या बारवेत उतरतात, पाण्याच्या वर किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजतात आणि विहारातल्या कॅलेंडरवर आकडा लिहितात. त्यांच्या वस्तीला प्यायला हेच पाणी. आठ वर्षांत एक पौर्णिमा चुकलेली नाही. बाळंतपणात नवऱ्याला मोजायला धाडलं होतं. मी बायकोचा वाढदिवस दरसाल विसरतो, त्यामुळे मला या बाईचं फार अप्रूप.

सभेच्या आदल्या दिवशी मी सगळी कॅलेंडरं चाळली आणि चरकलो. सहा वर्षांपूर्वीच्या माघात चौदा पायऱ्या उघड्या. तेव्हा पार्क नव्हता. बारवेशेजारच्या माझ्या बोअरवर चार एकर ऊस होता. मी ताईंना म्हणालो, तेवढं एक कॅलेंडर घरी राहू द्या.

"भाऊ, खोटं बोलणार न्हाई म्हणून रोज शील घेते मी," त्या म्हणाल्या. "आठही नेणार. तुमचं नाव मी घेणार न्हाई. ते तुमचं तुमी बगा."

मला असा राग आला, की समोरचा चहा तसाच टाकून उठलो.

सभेत पार्कच्या इंजिनिअरनं नेमकं तेच कॅलेंडर उचललं. पार्क नसतानाही पाणी खाली गेलं होतं, म्हणजे बारव आपली आपणच आटते, असं तो हसत म्हणाला. ताईंनी शांतपणे विचारलं, माझा आकडा खरा धरताय ना साहेब? त्यानं हो म्हटलं. मग त्यांनी बाकीची कॅलेंडरं मांडली. चौदानंतरच्या माघात सात पायऱ्या, पार्कचे दोन बोअर झाल्यावर सोळा, यंदा एकवीस. पाऊस दरसाल चांगला. बारवेला पायऱ्या एकूण चोवीस.

"मग ते चौदा कशामुळं?" इंजिनिअरनं विचारलं.

ताई कॅलेंडरं सरळ करत राहिल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दिलेला शब्द त्या पाळत होत्या आणि हातातली सभा जात होती.

मी उठलो. "त्या साली पाणी माझ्या उसानं ओढलं. पुढल्या साली कापूस लावला, पाणी वर आलं. बाईचा आकडा न् आकडा खरा हाय." आवाज कधी नव्हे तो बारीक निघाला.

इंजिनिअर कागद आवरू लागला. बोअर नकोत म्हणून सगळे हात वर झाले. पण ताई अजून उभ्याच होत्या. बारवेजवळ उपसा नको म्हणजे कुणाचाच नको, असं ठरावाच्या वहीत लिहा म्हणाल्या. यंदा पुन्हा ऊस लावायला मी बेणं आणून ठेवलं होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

वहीत पहिली सही मी केली. दुसऱ्या दिवशी बेणं गुरांपुढं टाकलं. असं माणूस गावात आहे, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. आणि ते माझ्या शेताशेजारी राहतं, याची थोडी भीतीही.