गिळलेली ओळ

खानावळवाले काका थाप मारायचे तर तीही पोटभर. मुलगा सैन्यात आचारी होता आणि काकांनी त्याला पाच वर्षं तोफेवर बसवून ठेवला होता.

सुरुवात साधीच झाली. पोरगा भरती झाला तेव्हा जेवायला येणाऱ्या पाथरवटाने विचारलं, "म्हणजे तिथं जाऊनही पळीच हलवतोय का?" सगळे खो खो हसले. काकांच्या ते जिव्हारी लागलं. "तोफखान्यात आहे तो," असं ते बोलून गेले आणि मग एक थाप निस्तरायला रोज नवी मारावी लागली. पत्र आलं की दुपारच्या पंगतीला ते मोठ्याने वाचून दाखवत. पोराने लिहिलेलं असे, 'दोनशे जणांचं जेवण उरकलं.' काका वाचत, 'दोनशे जणांना उरकलं,' आणि मिशीवरून हात फिरवत. प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच असे: आज सगळे पोटभर जेवले. ती मात्र काका गिळून टाकत. तोफवाला असलं कशाला लिहील?

पोरगा रजेवर आला तेव्हा गिऱ्हाइकांनी त्याला घेरलं. "किती गोळे डागलेस रे?" पोराने एकदा बापाकडे पाहिलं. काका पुसलेलंच ताट पुन्हा पुसत होते.

"मोजले नाहीत," तो म्हणाला आणि आत जाऊन पीठ मळायला बसला. बापाला त्याने एका शब्दानेही विचारलं नाही. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी काकांना इतकी लाज वाटली नसती.

मग पोराच्या पलटणीतल्या साहेबांचं पत्र आलं. पुढच्या चौकीवर तीन दिवस गरम अन्न पोचलं नव्हतं, म्हणून पोरगा पाठीला डबे बांधून स्वतःच निघाला. डबे पोचवून परत येताना गोळा पडला. काकूंना जाऊन आठ वर्षं झाली होती, त्यामुळे ते पत्र काकांनी एकट्यानेच वाचलं. पंगतीला काही ऐकवलं नाही. तोफेपाशीच गेला असणार, असं लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं.

तेव्हापासून गिऱ्हाइकं काकांसमोर हळू बोलू लागली. भाजीत मीठ कमी पडलं तरी कुणी सांगेना. माणसांनी भरलेल्या खानावळीत काका एकटे पडले.

चार महिन्यांनी शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. "मजकूर तुमच्याच तोंडचा आहे काका, एकदा बघून तरी या," असं हेडमास्तर म्हणाले, म्हणून काका पाथरवटाकडे गेले. दगडावर नावाखाली कोरलं होतं: शूर तोफची. शत्रूशी झुंजताना धारातीर्थी पडला.

काकांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. नाव पोराचं होतं, बाकी त्यात पोराचं काहीच नव्हतं. तो खरा कोण होता हे सांगणारं आता आपल्यावाचून कुणी नाही, आणि आपणही डोळे मिटले की हा दगडावरचा परकाच तेवढा उरेल, हे त्यांना तिथे कळलं.

"हे खोड," ते म्हणाले.

"काका, दगड आहे हा, शाळेतली पाटी नव्हे. परवा कार्यक्रम आहे!"

"तो आचारी होता. चौकीवर जेवण पोचवायला गेला होता. मी खोटं बोललो, पाच वर्षं."

पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. पळीची ती थट्टा त्याला आठवली असावी. दगडावरची भुकटी त्याने हाताने झाडली.

"लोक तोंडात शेण घालतील तुमच्या," तो म्हणाला.

"घालू देत. निदान बोलतील तरी माझ्याशी."

"घासून काढतो. पण खळगा राहील. हात फिरवला की लागेल."

"राहू दे. तो खळगा माझा."

"आणि त्यात लिहू काय?"

"आधी आचारी लिही," काका म्हणाले. मग त्यांनी खिशातून पोराचं शेवटचं पत्र काढलं, चष्मा पुसला आणि पंगतीला वाचायचे तशा मोठ्या आवाजात वाचलं, "आज सगळे पोटभर जेवले."