न उघडणारी काच

नगरपालिकेच्या तपासनीस बाईंनी खिडकीची वरची चिंचोळी झडप उघडून पाहिली, खालची मोठी काच ढकलून पाहिली आणि मान हलवली.

"ही पास होणार नाही."

"का हो? नवीकोरी आहे की!" थोरली म्हणाली. आईवडिलांच्या घराचं सगळं तीच बघायची. धाकटा भाऊ परगावी, फोनवरून अक्कल शिकवायला तेवढा पुढे.

"नवी आहे म्हणूनच. खिडकी बदलली की आजचे नियम लागतात. वरच्या मजल्यावरची झोपायची खोली आहे ही. खाली आग लागली, जिना धुराने भरला, तर माणसाला इथून बाहेर पडता आलं पाहिजे. यातून फार तर मांजर जाईल."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. जुनी खिडकी कुजली होती खरी, पण तिची दोन्ही दारं सताड उघडायची. 'होती तशीच बसवा,' असं तिने खिडकीवाल्याला बजावून सांगितलं होतं. काम झालं त्या दिवशी ती नेमकी नोकरीवर होती.

तिने त्याला फोन लावला. "ताई, मला सांगितलं तसंच केलंय," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

तो मग "नंतर बोलतो" म्हणाला, आणि नंतर फोन उचलेनासाच झाला. भाऊ म्हणाला, वकील गाठ. तिने ग्राहक तक्रार कार्यालय गाठलं. तिथला कारकून शांतपणे म्हणाला, "आधी समोरासमोर बोला. चूक सुधारायची संधी द्या. नाहीच ऐकलं तर आम्ही आहोतच."

म्हणून ती खिडकीवाल्याच्या कारखान्यात जाऊन धडकली. करवत कर्कश ओरडत होती, भिंतीला काचा टेकवून ठेवल्या होत्या, खिळ्यांवर रबराच्या काळ्या पट्ट्या लोंबत होत्या. तिने तोंडाचा पट्टा सुरू केला तसं त्याने करवत बंद केली आणि सगळं ऐकून घेतलं. भुवयांवरचा पांढरा कीससुद्धा झटकला नाही.

"बोला ताई, तुमचा हक्कच आहे. नियम मला ठाऊक होता. चुकलंच माझं."

"मग अशी बसवलीत कशाला?"

"ते सांगणार नाही असा शब्द दिलाय." तो थोडा घुटमळला. "फोन घेतला असता तर तोंडून निघून गेलं असतं. तुम्ही अण्णांनाच विचारा."

ती तशीच आईवडिलांच्या घरी आली. तिचे वडील, अण्णा, आईच्या मागे बसून तिची वेणी घालत होते. जन्मात कधी स्वतःच्या शर्टाचं बटण न शिवलेला माणूस! आणि वेणी चांगली जमली होती, म्हणजे सवयीची होती.

"अण्णा, ती खिडकी..."

"त्याला बोल लावू नकोस," अण्णा मान वर न करता म्हणाले. "मीच त्याच्या हातापाया पडलो. एकदा सकाळी दूध तापवून वर आलो, तर ही खिडकीच्या कट्ट्यावर उभी. दारं उघडी. म्हणते, माझी आई अंगणात बोलावतेय. तिची आई जाऊन किती वर्षं झाली!"

आई शांतपणे समोर बघत होती. बोलणं दुसऱ्याच कोणाबद्दल चालल्यासारखी.

थोरली अण्णांकडे वळली. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू हिला कुठेतरी ठेवायची गोष्ट काढली असतीस."

'नाही' ती कसं म्हणणार? शेजारच्या काकूंच्या बाबतीत तिनेच तसा सल्ला दिला होता, तोही अण्णांच्या देखत. ती खाली बसली आणि आईच्या वेणीला रबर लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने तपासनीस बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, मग अटकाव लावा ना! खिडकी चार बोटं उघडते आणि थांबते. पूर्ण उघडायची तर वरची कळ दाबून पट्टी सरकवायची. तुम्हाला जमेल, आईंना बहुधा सुचायचं नाही. फक्त कुलूप नको. आगीच्या वेळी किल्ली सापडत नाही."

खिडकीवाल्याने हे ऐकून कपाळाला हात लावला. "हे मला सुचायला हवं होतं हो. अण्णा रडायला लागले आणि माझी मतीच गुंग झाली." झडप काढून दारं बसवायचं काम त्याने आपल्या अंगावर घेतलं, काचेचे पैसे मात्र आम्ही देऊ, असं थोरलीने बजावलं. काम चालू असताना आईने त्याला तीनदा विचारलं, तू कोणाचा रे? तिन्ही वेळा त्याने हातातलं काम थांबवून आपल्या आईचं नाव सांगितलं.

खिडकी पास झाली. तपासनीस बाईंनी अण्णांकडून कळ दाबून घेतली, थोरलीकडूनही घेतली, तेव्हाच सही केली.

त्या संध्याकाळी थोरलीने भावाला फोन लावला. त्याने वकिलाचं काढलं. "वकील राहू दे," ती म्हणाली. "महिन्यातून एक आठवडा आईजवळ राहायला ये. बाकीचं मी बघते. तिला कुठे ठेवायचं नाहीये." मग तो हळूच म्हणाला, "आई मला ओळखते का गं?"

"ये आणि बघ," थोरली म्हणाली.

अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. मग ते खालच्या खोलीत जाऊन आडवे झाले, आणि थोरली जेवायला हाक मारत राहिली तरी उठले नाहीत; धास्तीने कितीतरी रात्री जागून काढल्यावर पहिल्यांदाच इतके गाढ झोपले.