डाव्या खांबासमोरची जागा

मी एक जुना गोलखांब आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहानशा गावी, बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात, गोलरक्षकाच्या डाव्या हाताला माझी जागा होती. गावच्याच लोहाराने मला घडवले आणि लालभडक रंग दिला. तेव्हा माझा केवढा तोरा होता!

मित्रांनो, खेळ चालू असताना गोलरक्षकाला मागे वळून बघता येत नाही. तो काठीने आम्हा खांबांना ठोकतो आणि आपण कुठे उभे आहोत ते ओळखतो. आमचा गोलरक्षक ओरेस्ट मात्र मला सारखाच ठोकायचा. "काय रे ओरेस्ट, खांबाशी लग्न लावलंयस का?" लोक ओरडत. तो हसून घ्यायचा. त्याला डाव्या डोळ्याने दिसेनासे झाले होते. हे फक्त मला आणि बचावपटू डेल्बर्टला ठाऊक होते. बाहेर कळले असते तर त्याला कुणी गोलात उभे केले नसते, आणि खेळाशिवाय ओरेस्टला करमत नसे.

डेल्बर्ट अंगाने आडवा, चालीने मंद. या खेळात चेंडूऐवजी काळी रबरी चकती असते आणि गोलामागेही खेळ चालूच राहतो. चकती तिकडे गेली की बाकीचे तिच्या मागे धावत, हा माझ्यासमोरून तसूभर हलत नसे. "अरे रेड्या, पळ की जरा!" लोक चिडवत. तो हळूच ओरेस्टला म्हणे, "डावीकडे एक आलाय. त्याला मी बघतो, तू उजवीकडे बघ."

त्या हिवाळ्यात डेल्बर्टची गाडी रस्त्यावरच्या बर्फावरून घसरली. डेल्बर्ट गेला.

पुढच्या सामन्याला त्याचा शर्ट खेळाडूंच्या बाकामागे टांगला होता. खेळ सुरू करायला पंचाने पहिली चकती टाकली, तेव्हा त्याची जागा मोकळी ठेवली. तशी तिथली रीतच आहे. सगळे रडले. मग खरा खेळ सुरू झाला, डेल्बर्टच्या बदली पाचवा गडी आत आला, तरी त्या जागी उभे राहायला कुणाचे मन धजेना.

"तिथं नको रे, डेल्बर्टची जागा आहे ती," तो नवा बचावपटू आपल्या जोडीदाराला म्हणाला. आपल्याला डावीकडचे दिसत नाही, हे ओरेस्ट सांगणार तरी कसा?

शेवटी शेवटी, बरोबरी असताना, चकती गोलामागे गेली. दोघेही बचावपटू तिच्या मागे धावले. ओरेस्ट मला खांदा टेकून उभा राहिला. पाहुण्या संघाचा एक गडी निवांत त्या मोकळ्या जागी आला.

"डावीकडे कोण आहे रे?" ओरेस्ट ओरडला. चकती मला घासून आत गेली.

"दुःखानं गांगरला बिचारा," लोक म्हणाले. ओरेस्टने मुखवटा काढला, मला दोनदा ठोकले आणि तो निघून गेला. पुन्हा कधी तो गोलात उभा राहिला नाही. मला फार वाईट वाटले. मला बोलता आले असते तर!

आता मी मैदानामागच्या शेडमध्ये गंजत पडलो आहे. मित्रांनो, मला रंग द्या असे मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाचा शर्ट जरूर टांगा, त्याच्यासाठी रडाही. पण मग त्याच्या जागी जाऊन उभे राहा. त्या जागेच्या भरवशावर मागे कुणीतरी उभे असते.