दोन पास्कल, एक कॉम्प्युटर

१९८९ साली वडनेर भोलजीच्या शाळेला गावातल्या भगवंतरावांनी कॉम्प्युटर देणगीदाखल दिला. त्याच्याजवळ जायचा धीर फक्त वैजनाथ सरांना झाला. गणिताचे मास्तर. दोन उन्हाळे घालून ते पुस्तकावरून पास्कल ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि शाळेचं वेळापत्रक आपोआप जुळवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. त्यांना त्याचा फार अभिमान होता.

त्यानंतरच्या जूनमध्ये अकोल्याहून शारदाबाई रुजू झाल्या. दुपारच्या पाळीत अकरावीला पास्कल शिकवायचं काम त्यांच्याकडे. सर सकाळच्या पाळीचे, त्यामुळे दोघांची गाठ सहसा पडत नसे.

आठवड्यातच सरांचा प्रोग्रॅम रुसला. कालपर्यंत नीट चालणारा, आज म्हणे ही ओळ समजत नाही. सरांनी कपाटातली फ्लॉपी काढून पास्कल नव्याने चढवलं, झालं सुरळीत. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. असे नऊ दिवस गेले. धूळ शिरत असेल म्हणून सरांनी कॉम्प्युटरवरचं कापड दुपदरी केलं.

दहाव्या दिवशी खोली उघडता उघडता शिपाई उकंडराव म्हणाले, "सर, तुमी सकायी आपलं टाकता. दुपारी बाई त्यायचं टाकून राह्यल्या. रोज."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"मले वाटलं असंच असते. सकायचं येगळं, दुपारचं येगळं."

सर त्या दिवशी घरी गेलेच नाहीत. दुपारी शारदाबाई आल्या, तर दाराशी हे उभे.

"माझं पास्कल तुम्ही रोज पुसता?"

"म्हणजे माझं तुम्ही पुसत होता?" बाई थक्क झाल्या. "मी मुलांना सांगत होते, की या कॉम्प्युटरला विसराळूपणा आहे."

भांडण तिथेच जुंपलं. बाईंचं चौथं व्हर्जन, सरांचं तिसरं. बाई म्हणाल्या, परीक्षेला चौथंच आहे. सर म्हणाले, त्यात माझा प्रोग्रॅम चालत नाही, मग ते सुधारलेलं कसं? आवाज ऐकून मुख्याध्यापक वामनराव आले.

"सोमवारी मला वेळापत्रक पाहिजे, अन् सोमवारीच अकरावीचं प्रॅक्टिकल आहे. काय ते दोघं मिळून ठरवा," एवढं बोलून ते गेले.

मग दोघं शेजारी शेजारी बसले. शारदाबाईंनी डिस्कवरची यादी काढली आणि हसू लागल्या. दोन्ही पास्कलांच्या मुख्य फाइलचं नाव एकच होतं, आणि दोघंही ती एकाच जागी ठेवत होते. मागून येणारा आधीच्याला उठवून त्याच्या जागी बसत होता.

"सर, डिस्कवर दोन खोल्या करू. प्रत्येकाला आपापली. आणि कोणत्या खोलीत जायचं, त्याचा एकेक छोटा हुकूम."

"नावं काय द्यायची?"

"जुनं आणि नवं."

"जुनं कशाला म्हणता?" सरांना लागलं.

शेवटी आपापलीच नावं द्यायचं ठरलं. नाव आठ इंग्रजी अक्षरांपेक्षा मोठं चालत नव्हतं. सरांनी बोटं मोजली. वैजनाथ बरोबर आठात बसला, तेव्हा ते जरा निवळले.

सोमवारी सकाळी वेळापत्रक भिंतीवर लागलं आणि दुपारी प्रॅक्टिकलही पार पडलं. उकंडरावांना मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. रोजची फ्लॉप्यांची काढघाल बंद झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी बाईंना डिस्कवर तिसरी खोली दिसली. आत सरांचाच वेळापत्रकाचा प्रोग्रॅम, पण चौथ्या व्हर्जनसाठी बदलायला घेतलेला. वर सरांनी तारीखवार नोंद ठेवली होती: बत्तीस चुका दुरुस्त, एक बाकी. गेले तीन दिवस सर तिथेच अडले असावेत.

बाईंनी फाइलला हात लावला नाही. एका चिठ्ठीवर हवी असलेली ओळ लिहिली, खाली "ही सगळ्यात वर टाकून बघा" असं लिहिलं, आणि चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवून त्या वर्गावर गेल्या.