रिकाम्या जागेचा अर्ज

निळ्या डोक्याची टाचणी... कोऱ्या उमेदवारी अर्जाच्या कोपऱ्यात तिरकी खुपसलेली, आणि तिच्यापायी कागदाला पडलेलं इतकंसं भोक – एवढ्यावरून अर्ज बाद तर करणार नाहीत ना, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. साहेबांना शिक्षा होऊन दोन दिवस झाले नव्हते. आमदारकी गेली, जागा रिकामी. आणि हा, अठरा वर्षं त्यांच्याकडे असलेला स्वीय सहायक, टाचणीच्या भोकाची काळजी करत बसलेला.

टेबलापलीकडे वहिनी, साहेबांची बायको. शेजारी पक्षाचे अध्यक्ष, चहात बुडवलेलं बिस्कीट तुटायच्या आत तोंडात टाकण्यात गर्क.

"वहिनी उभ्या राहिल्या असत्या तर प्रश्नच नव्हता," अध्यक्ष म्हणाले.

"माझं नावसुद्धा काढू नका. त्या सभागृहात मला पाऊल ठेववणार नाही." मग त्याच्याकडे वळून, "भाऊजी, तुम्हीच उभे राहा. अपील जिंकून हे परत येईपर्यंत जागा धरून ठेवायची, एवढंच. बसमध्ये रुमाल टाकतात ना, तसं."

"आणि रुमाल काही बोलत नसतो!" अध्यक्ष खो खो हसले. "चेष्टा हो. पण तुमच्यावर साधा सायकलचा दंड नाही. असा स्वच्छ माणूस आजकाल मिळतो कुठे?"

स्वच्छ... मागच्याच्या मागच्या निवडणुकीआधीची ती दुपार, सहीसाठी साचलेली चाळीसेक पत्रं, आणि साहेबांचा सभेतून फोन – करून टाक रे, तुझी सही माझ्यापेक्षा बरी येते – आणि त्याने केल्या; न वाचता, एकामागून एक, शेवटच्या अक्षराखालचा तो झोकदार फटकारा इतका मनगटात मुरलेला की साहेब स्वतः करायचे तेव्हा त्यालाच ती खोटी वाटायची. त्या गठ्ठ्यात एक शिफारस होती. रुग्णालयाच्या इमारतीचं काम अमुक ठेकेदाराला द्यावं. इमारतीचा जिना कोसळला, दोन माणसं गेली, आणि खटला त्या एका सहीवर उभा राहिला. तज्ज्ञाने भिंग लावून सांगितलं, सही अस्सल आहे.

कोर्टात साहेबांनी कागद पाहिला. मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्याकडे पाहिलं. "सही माझीच," म्हणाले.

का म्हणाले? मायेने? की ही दुसऱ्याची म्हटली तर अठरा वर्षांतल्या बाकीच्या सह्या कुणाच्या, हा प्रश्न निघेल म्हणून?... त्याने कधी विचारलं नाही. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना मात्र ते 'माझीच' कानात वाजायचं, आणि तो प्रार्थना अर्धवट सोडून उठायचा. खटला चालू असतानाच मतदारांनी साहेबांना पुन्हा निवडून दिलं, अकरा हजार मतं जास्त देऊन. गुलाल उडाला. तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, देवानेच पदरात घेतलं. काय पण सोयीचा करून घेतला होता देव!

आता एक वाक्य पुरे होतं. वहिनी, ती सही मी केली होती. साहेब कदाचित बाहेर येतील, आपण स्वतः आत जाऊ. वाक्य तयार होतं, गेली दोन वर्षं तयार होतं. त्याने अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र उलटलं. कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात काय? नाही. तेही खरंच होतं.

"भाऊजी, गप्प का? काही बोलायचंय का?" वहिनींचे डोळे रडून सुजलेले होते, पण नजर मायेची. अठरा वर्षं त्यांनी त्याला जेवल्याशिवाय घरी जाऊ दिलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "फलकावर साहेबांचा फोटो मोठा घ्यायचा... की दोघांचे सारखेच?"

अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तो लाज वाटायची वाट पाहत राहिला – आता येईल, आता कानशिलं तापतील... खिडकीखालून एक गाडी गेली, पंखा फिरत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की आपली पाठ, जी या खोलीत नेहमी पुढे झुकलेली असायची, ती खुर्चीला टेकली आहे. लाज आली नव्हती. आणि ती न आल्याची भीती... तीही, इतक्यात, ओळखीची वाटू लागली होती.